वंगण, राळ आणि दारातला दगड

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘जर्मनची बी-२ पातळी झाली. शिकवणाऱ्यांनी ऑस्ट्रियन लेखक आडालबर्ट श्टिफ्टरची “ग्रानीट” (म्हणजे ग्रॅनाइट) वाचायला सांगितली. खेड्यातल्या बालपणाची आठवण आहे म्हणून हौसेनं घेतली. निम्मी संपली तरी एक मुलगा आणि त्याचे आजोबा नुसते चालतायत आणि डोंगरांची नावं घेतायत. हिला नोव्हेला, म्हणजे लघुकादंबरी, का म्हणायचं? पुढे वाचू का? मराठीत आणायचंही मनात आहे. पहिलं वाक्य करून पाहिलंय, सोबत दिलंय.’

पुढे वाचाच, पण त्याआधी मागे जा. ते दोघं चालायला का निघाले, ते पुन्हा वाचून या. सत्तावीस वर्षं जर्मन शिकवतोय आणि जवळजवळ प्रत्येक तुकडीत हेच होतं. मुलं पहिली काही पानं प्रस्तावना समजून भराभर उलटतात आणि ‘खरी गोष्ट’ कधी सुरू होते याची वाट बघत बसतात. ती तिथेच होऊन गेलेली असते.

काय घडतं ते सांगतो. घराच्या दाराशी एक मोठा दगड आहे. तो कुणी, कधी ठेवला हे गावात कुणालाच ठाऊक नाही. घरातली जुन्यातली जुनी माणसंही त्यावर बसून गेलेली. बाजू ओबडधोबड, पण वरचं अंग पिढ्यान्‌पिढ्यांच्या बसण्यानं इतकं गुळगुळीत झालंय की झिलई दिल्यासारखं वाटावं. त्या दगडावर एक लहान मुलगा अनवाणी बसलाय. गावात गाड्यांचं वंगण विकणारा म्हातारा आंद्रेआस त्याचा ढकलगाडा घेऊन येतो. मुलाला या माणसाचं आधीपासूनच अप्रूप. म्हातारा विचारतो, पायांना लावून देऊ का? मुलगा पाय पुढे करतो.

यानंतरची दोन-तीन वाक्यं मोठ्यानं वाचा. तो द्रव कातडीवर छान पसरतो. त्याचा रंग अगदी स्वच्छ, सोनेरी तपकिरी. राळेचा गोड वास वर येतो. मग तो पावलांच्या गोलाईवरून आपल्या गतीनं हळूहळू खाली ओघळतो. घाणीचा इथे मागमूसही नाही. मधाचं वर्णन करावं तसं हे वर्णन आहे.

मुलगा त्याच पायांनी घरात जातो, आईला दाखवायला. आईनं नुकतीच खोलीची जमीन घासून लख्ख केलेली. पुढचं तुम्ही वाचलंय. आई पानांसकट एक फांदी घेते आणि मुलाच्या पायांवर मारत सुटते. मारता मारता त्या फांदीची पानं, मुलाची विजार, तिचा स्वतःचा एप्रन, खालचे दगड, सगळंच बरबटतं. मारणारी आणि मार खाणारा दोघंही त्याच चिकट्यात. प्रसंग विनोदी आहे आणि लेखक हसत नाही. मुलगा कसा होता, तर जणू नष्ट झालेला. पाय दुखत होते म्हणून नव्हे. या पृथ्वीवर जे माणूस सगळ्यात प्रिय, त्याच्याशीच बिनसलं म्हणून.

माझ्या मते अख्खी गोष्ट एवढीच आहे: एकच पदार्थ, मुलाला सोनं दिसला आणि आईला घाण. दोघांपैकी कुणीही खोटं नाही. पुढे आजोबा जे जे करतात ते या दोन नजरांच्या मधे उभं राहून करतात.

ते आधी काय करतात? मुलाचे पाय धुतात. आईला बोलत नाहीत, मुलाला ‘असं करू नये हं बाळ’ असं काही सांगत नाहीत. मग म्हणतात, मला कामानं मेल्मला जायचंय, चल माझ्याबरोबर. मेल्म म्हणजे जवळचंच एक गाव. आणि चालताना ते विचारू लागतात: तिकडे ते काय दिसतंय? हो आजोबा, ते अमुक. त्याच्या पलीकडे? हो आजोबा, ते तमुक. रानातून धुराच्या बारीक रेघा वर चढतायत, तो धूर कुणाचा? तिथे कोण काय काम करतं? प्रश्न आणि उत्तर, प्रश्न आणि उत्तर, पाढे म्हणावेत तसं.

तुम्ही कंटाळलात ते इथे. मीही कंटाळलो होतो, पहिल्यांदा वाचली तेव्हा. पण तासाभरापूर्वी या मुलाला सांगण्यात आलंय की तू जे सुंदर पाहिलंस ते सुंदर नव्हतं. त्याचा स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसा गेलाय. आता एक म्हातारा माणूस त्याला शंभर गोष्टी दाखवून विचारतोय आणि प्रत्येक वेळी मुलाचं उत्तर बरोबर येतंय. ‘हो, आजोबा.’ पुन्हा ‘हो, आजोबा.’ नजर पायांवरून उचलून क्षितिजावर नेली जातेय. हे शब्दांत कुठेच म्हटलेलं नाही, म्हणून ते निम्म्यात पुस्तक मिटणाऱ्याच्या हाती लागत नाही.

त्यानंतर प्लेगची गोष्ट येते. फार पूर्वी, या समोरच्याच डोंगररानात काय झालं, ती. हीसुद्धा आजोबांना त्यांच्या आजोबांकडून मिळालेली. साथ येते, घरंच्या घरं ओस पडतात. झाडाची राळ काढून भट्ट्या लावणारं एक कुटुंब साथीला भिऊन उंच रानात पळतं आणि मरण त्यांच्यामागोमाग तिथेही पोचतं. एक मुलगा तेवढा उरतो. त्याला रानात एक आजारी मुलगी सापडते. तो तिची शुश्रूषा करतो, तिला खायला घालतो, आणि वाहत्या पाण्याच्या काठाकाठानं दोघं पुन्हा माणसांत येतात. हेही सविस्तर वाचा, मी इथे फार रेंगाळत नाही. एकच लक्षात ठेवा: आजोबा ही गोष्ट ‘एक होतं गाव’ अशी सांगत नाहीत. ज्या धुराची आणि रानाची नावं मुलानं आत्ता बिनचूक घेतली, त्याच रानात ती घडते. नावं आधी पाठ नसती तर गोष्टीला उभं राहायला जमीनच नसती. आणि राळ पुन्हा येते, बघा. सकाळी ज्या पदार्थापायी मार बसला, तो पदार्थ गाळणाऱ्यांच्याच पोराची ही गोष्ट आहे.

आता नोव्हेला का, हा प्रश्न. जर्मन साहित्याच्या तासाला गटेची व्याख्या हमखास येते. १८२७च्या जानेवारीत आपला सहकारी एकरमान याच्याशी बोलताना तो म्हणाला होता की नोव्हेला म्हणजे दुसरं काय, घडून गेलेली, पूर्वी कधी न ऐकलेली घटना. परीक्षेत विद्यार्थी प्लेगला ती घटना म्हणतात आणि मी अर्धे गुण देतो. प्लेग न ऐकलेला कसा? शतकानुशतकं ऐकलेला. मुलाच्या लेखी न ऐकलेली घटना म्हणजे आईनं मारलं. अर्थात श्टिफ्टरनं स्वतः या लेखनाला साधं ‘गोष्टी’च म्हटलं, नोव्हेला हे लेबल आपण शिकवणाऱ्यांनी लावलं. गोष्टीत गोष्ट, म्हणजे बाहेर चौकट आणि आत चित्र, ही त्या काळच्या जर्मन नोव्हेलेची आवडती बांधणी. इथे मात्र चौकटच चित्रापेक्षा जड आहे. परीक्षेपुरतं एवढं पुरे.

लेखकाबद्दल थोडं, कारण त्याशिवाय ही संथ चाल नुसती सवय वाटेल. श्टिफ्टर १८०५ साली ओबरप्लानला जन्मला. हे गाव तेव्हा ऑस्ट्रियन साम्राज्यातल्या बोहेमियात होतं, आज चेक प्रजासत्ताकात आहे आणि नाव होर्नी प्लाना. वडील जवसाच्या धाग्याचं कापड, म्हणजे लिनन, विणणारे आणि त्या धाग्याचा व्यापार करणारे. १८१७ साली माल वाहणारी गाडी उलटून तिच्याखाली ते गेले, तेव्हा मुलगा बारा वर्षांचा होता. पुढच्या वर्षी आईकडच्या आजोबांनी त्याला क्रेम्सम्युन्स्टरच्या बेनेडिक्टाइन मठाच्या शाळेत नेऊन घातलं. मग व्हिएन्नात कायद्याचं शिक्षण, तेही अर्धवट, चित्रकला, श्रीमंतांघरच्या शिकवण्या, आणि १८५० पासून अप्पर ऑस्ट्रियात शाळा तपासनिसाची नोकरी. शेवटची वर्षं आजारपणाची. १८६८च्या जानेवारीत लिंझमध्ये अंथरुणावर असताना त्यानं गळ्यावर वस्तरा फिरवला आणि दोन दिवसांनी गेला. इतकं शांत लिहिणारा माणूस आतून शांत नव्हता, हे माहीत असलेलं बरं. मुलं त्याला ‘गोड गोड निसर्गलेखक’ म्हणून मोकळी होतात तेव्हा मी हे सांगतो.

कंटाळ्याची तक्रार करणारे तुम्ही पहिले नाही. हेब्बेल हा त्या काळचा मोठा नाटककार. तो या लेखकाला किडेमकोडे आणि फुलं रंगवणारा म्हणून टोमणे मारायचा. पुढे तर श्टिफ्टरची एक जाडजूड कादंबरी जो शेवटपर्यंत वाचेल त्याला पोलंडचा मुकुट देऊ, असंही त्यानं छापलं. ‘ग्रानीट’ ज्या संग्रहात आहे तो ‘बुंटे श्टाइने’, म्हणजे रंगीत दगड, १८५३ साली पेस्ट (आजच्या बुडापेस्टचा भाग) शहरातल्या हेकेनास्ट या प्रकाशकानं छापला. त्यात सहा गोष्टी, प्रत्येकीला एकेका दगड-खनिजाचं नाव. त्याची प्रस्तावना म्हणजे किड्या-फुलांच्या त्या पहिल्या टोमण्याला दिलेलं उत्तरच. ती आधी वाचा, चार-पाच पानांची आहे. वाऱ्याचं वाहणं, धान्याचं वाढणं, आभाळाचं चमकणं हे मला मोठं वाटतं, असं तो म्हणतो. वीज कोसळणं, ज्वालामुखी फुटणं हे छोटं. आणि गरीब बाईच्या बोळक्यातलं दूध ज्या शक्तीनं फुगून उतू जातं, तीच शक्ती ज्वालामुखीतला लाव्हा वर ढकलते. हे वर्गात सांगितलं की मला दरवेळी व्रताच्या कहाण्यांमधलं ‘उतू नको, मातू नको’ आठवतं. तिथेही दूध आणि माणसाचा स्वभाव एकाच क्रियापदात बसवलेत. या प्रस्तावनेतला ‘सौम्य नियम’ हा शब्दप्रयोग जर्मन समीक्षेत पुढे फार गाजला.

आणखी एक माहिती, अभ्यासूंसाठी. ही गोष्ट १८४९ साली वेगळ्या नावानं छापून आली होती: ‘डी पेशब्रेनर’, म्हणजे राळ गाळणारे. त्या खर्ड्यात रानातला बाप आपल्याच मुलाला भयंकर शिक्षा करतो. पुस्तकात घेताना श्टिफ्टरनं ती शिक्षा काढून टाकली. उरली ती फक्त पानांच्या फांदीची. मोठा मार काढला आणि छोटा ठेवला, यातच त्याच्या प्रस्तावनेचं प्रात्यक्षिक आहे.

आता भाषांतर. इथे माझी स्वतःची फजिती आधी सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी या गोष्टीचा पहिला भाग मी मराठीत केला होता. मुलाच्या पायांवरच्या पदार्थाचा मूळ जर्मन शब्द ‘पेश’, त्याला सरळ ‘डांबर’ लिहून मोकळा झालो. शब्दकोशात तेच होतं. एका मासिकाकडे पाठवला. संपादकांनी दोन गोष्टी केल्या: ‘हो आजोबा, हो आजोबा’ फार वेळा येतं म्हणून आजोबा-नातवाची सगळी प्रश्नोत्तरं एका परिच्छेदात गुंडाळली, आणि मथळा दिला ‘डांबराचे पाय’. छापून आल्यावर मला संपादकांचा राग आला. खरी चूक माझी होती. डांबर म्हटलं की मराठी वाचकापुढे रस्त्याचं काम येतं: काळं, उकळतं, नाकात जाणारं. ते पायाला लावून घेणारा मुलगा निव्वळ मूर्ख ठरतो आणि आईचा मार रास्त. सोनेरी तपकिरी रंग आणि राळेचा वास लेखकानं मुद्दाम दिलाय, तो मी ‘डांबर’ या एका शब्दात बुडवला होता.

मग काय लिहायचं? माझं आजचं उत्तर दोन शब्दांचं आहे. म्हाताऱ्याला ‘वंगणवाला’ म्हणा, कारण तो गाड्यांच्या आसांना लावायचं वंगणच विकतो आणि हा शब्द आपल्याकडे बैलगाडीपासून आहे. गाडीखाली टांगलेला वंगणाचा नळा पाहिलेली माणसं अजून आहेत. पण पायावर जे ओघळतं त्याला ‘राळ’ म्हणा. वंगण काळं, राळ सोनेरी. आईच्या तोंडी पुन्हा ‘वंगण’ घाला. मूळ जर्मनमध्ये अशी वाटणी नाही, ही माझी सोय आहे. कुणी शुद्धतावादी आक्षेप घेईल, घेऊ द्या. ‘पेश’चा जर्मनमध्ये दुसरा अर्थ फुटकं नशीब असाही होतो. तो मराठीत येणार नाही, त्यामागे लागू नका.

मथळ्याचंही दुखणं आहे. ‘ग्रॅनाइट’ लिहिलंत की आपल्याकडे आधी स्वयंपाकाचा ओटा दिसतो. ‘पाषाण’ लिहिलं तर पुणेकराला बसथांबा आठवतो, शिवाय आपला पाषाण म्हणजे बहुधा काळा बेसॉल्ट. मी ‘ग्रानीट’ हा जर्मन उच्चारच ठेवतो. थोडं परकं वाटतं, वाटू द्यावं.

प्लेगच्या गोष्टीत एक पाखरू येतं. साथीनं हैराण झालेल्या माणसांना ते औषध सांगतं, दोन यमकबद्ध ओळींत: एन्त्सियान आणि पिंपिनेल खा, उठा, इतक्या लवकर मरू नका. एन्त्सियान आपल्या काडेचिराइताच्या कुळातली कडू मुळी. म्हणून काही जण सरळ ‘काडेचिराईत’ घालतात. मी घालत नाही, कारण त्या एका शब्दासरशी बोहेमियाचं रान नाहीसं होऊन आजीबाईचा बटवा उघडतो. माझ्या वहीत अशी ओळ आहे: ‘खा एन्त्सियान, खा पिंपिनेल, उठा उठा, मरण टळेल.’ यमक फुकट मिळालं म्हणून खूश झालो होतो. पण मूळ पाखरू मरण टळेल असं वचन देत नाही. ते फक्त म्हणतं, एवढी काय घाई आहे मरायची? तो खट्याळपणा माझ्या ओळीत नाही. तुम्हाला जमला तर बघा.

आजोबांना ‘आजोबा’च ठेवा. ‘आबा’ किंवा ‘तात्या’ केलंत की ओबरप्लान सातारा जिल्ह्यात येतं. घराच्या आतल्या प्रवेशाच्या जागेला जर्मनमध्ये ‘फोरहाउस’ आहे. ओसरी नको, ती उघडी असते. ‘सोपा’ चालेल, नाहीतर नुसतं ‘दारातून आत आल्यावर’. आणि ‘हो, आजोबा’ एकदाही गाळू नका. वाचक कंटाळेल तेवढं कंटाळू द्या. मोठ्यानं वाचलं तर कंटाळा निम्म्यानं कमी होतो, हा वर्गातला अनुभव आहे.

शेवटच्या पानाकडेही लक्ष ठेवा. रात्री मुलगा पेंगत असताना आई येते आणि त्याच्या कपाळावर क्रुसाची खूण करते. माफी झाली, एवढ्यावरच. मग निवेदक मोठा झालेला दिसतो. दगड अजून तिथेच आहे, आता बहिणीची मुलं त्यावर खेळतात आणि म्हातारी आई त्यावर बसते. आणि अगदी शेवटी तो म्हणतो की घरभर उमटलेले ते राळेचे ठसे नेमके कसे निघाले कुणास ठाऊक, गावी जायचं ठरलं की आईला विचारायचं मनात घेतो आणि दरवेळी विसरतो. भाषांतरकाराला इथे काहीतरी भारदस्त लिहायचा मोह होतो. एका विद्यार्थ्यानं ‘काही डाग कधीच पुसले जात नाहीत’ असं जोडून दिलं होतं. मूळच्या अगदी उलट! डाग गेलेत, फक्त कसे गेले ते कुणी विचारलं नाही. ‘विसरतो’ एवढंच लिहा.

राहिलं तुमचं पहिलं वाक्य. तुम्ही लिहिलंय: ‘माझ्या वडिलोपार्जित जन्मघरासमोर, त्यात प्रवेश करण्याच्या दाराच्या अगदी शेजारी, खूप लांब ओढलेल्या घनाच्या आकाराचा एक मोठा अष्टकोनी दगड पडलेला आहे.’ शब्दाला शब्द आहे, चूक एकच, पण मोठी. अष्टकोनी म्हटलं की वाचक वरून आठ बाजू मोजतो. लांब ओढलेल्या ठोकळ्याला आठ कोपरे असतात, श्टिफ्टर ते मोजतोय. ‘जन्मघर’ मराठीत कुणी म्हणत नाही. आणि ‘पडलेला’ म्हटलं की दगड बांधकामातून उरलेला वाटतो. मी असं करीन: ‘मी जन्मलो त्या आमच्या घरासमोर, दाराला अगदी लागून, एक मोठा दगड आहे, आठ कोपऱ्यांचा, ठोकळा चांगलाच लांब ओढावा तशा आकाराचा.’ तुमचं वाक्य एका दमात जातं, माझं चारदा थांबतं. तुम्हाला एका दमातलंच ठेवायचं असेल तर ठेवा, पण ‘पडलेला’ आणि ‘अष्टकोनी’ तेवढे काढा.